रक्तवाढीच्या गोळ्या

पेणच्या खाडीकडच्या मिठागरांत नव्या बाईच्या पायांवर सगळ्यांचं लक्ष असे. आता ती मिठागरंही पुष्कळशी उरली नाहीत, पण तेव्हा दिवाळी सरली की कोंड्या तुडवायला घेत. कोंडी म्हणजे मीठ पिकवायचा चौकोनी वाफा. तिची चिखलाची जमीन पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखी घट्ट करायची आणि मग तीत खाडीचं पाणी घ्यायचं. नव्या पोरीचे पाय पहिल्या हंगामात फाटायचेच. भेगांत खार शिरला की डोळ्यांतून पाणी येई. म्हाताऱ्या बाया तिला करंजेल लावायला देत आणि रोज विचारत, "घेतले का गो मिठाने पाय?" म्हणजे चुरचुरायचे थांबले का. ज्या दिवशी पोरगी "घेतले" म्हणे त्या दिवशी तिच्या नावाने बांधावर नारळ फुटे, खोबरं सगळ्यांना वाटलं जाई. त्यानंतर मात्र पाय चुरचुरतात म्हणून कण्हायचं नाही, अशी रीत. कोणी कण्हलीच, तर नारळ फुकट गेला म्हणून बाया तिला हसून बेजार करत.

हौसाचा नारळ ती लग्न होऊन आली त्याच हंगामात फुटला. खरं तर तिचे पाय मिठाने घेतले नव्हते. त्या दिवशीही चांगले चुरचुरत होते. पण बरोबर आलेल्या जावेचा नारळ कधीच फुटून गेला होता, आणि रोज रोज "अजून नाय" म्हणायची लाज वाटायला लागली होती. म्हणून ती "घेतले" म्हणाली. पुढे सगळा जन्म ती मिठात उभी राहिली, डोक्यावरून टोपल्या वाहिल्या, आणि तिला वाटत राहिलं की आपलेच पाय तेवढे कच्चे. बाकीच्यांना काही होत नाही. हे तिने देवीसमोर हात जोडतानाही कधी बोलून दाखवलं नाही.

तिचा नवरा जगन मात्र पक्का होता. चुलीवरचं कालवणाचं भगुणं तो नुसत्या हातांनी उतरवी. लोक कौतुक करत. पुढे त्याची बोटं आत वळली तेव्हा लोक म्हणाले, खार चढला. मग तळपायाला एक जखम झाली, ती त्याला कळली नाही, सडली, ताप आला आणि त्यात तो गेला. त्यांची लेक शकू तेव्हा लहान होती, बापाच्या कुशीत झोपायची. एकच खोली, पावसाळ्यात तीन बाजूंनी झावळ्यांची झडप लावून घट्ट बंद केलेली.

शकू शाळा सोडून कोंडीत उतरली तो दिवस हौसाच्या चांगला लक्षात होता. पोरगी पहिल्या दिवशी चिखलात उतरली ती गाणं म्हणत. तिच्या टाचेत कालवाची शिंप घुसून रक्त आलं, ते तिला बाजूच्या बाईने दाखवलं तेव्हा कळलं. म्हाताऱ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एवढी कोवळी पोर आणि मिठाने पहिल्याच दिवशी पाय घेतले. त्याच आठवड्यात नारळ फुटला. टाचेच्या वर एक फिकट चट्टा होता, नाण्याएवढा, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. गेलं असतं तरी मिठाने कातडी उतरली असंच म्हणाले असते. हौसाने देवीची ओटी भरली. आपल्याला जमलं नाही ते लेकीला जमलं, याचा तिला जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटला नव्हता.

पुढे शकूचं लग्न झालं ते रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमीला. नवरा शिवा कंपनीत शिफ्टला जायचा. सासू इंदुबाई घराच्या पडवीत किराण्याचं लहानसं दुकान चालवी. घर पक्कं, दारात नळ. खाडीकाठच्या बाया म्हणाल्या, पोरीने नशीब काढलं, मिठातून सुटली. हौसालाही तसंच वाटलं. ती कोणाजवळ बोलली नाही, पण रोज दिवा लावताना अष्टमीच्या दिशेने हात जोडायची तिला सवय लागली.

पहिल्या बाळंतपणाला शकू माहेरी आली. मुलगा झाला. कान्हू असं नाव तिने आधीच ठरवून ठेवलं होतं.

एका सकाळी आंघोळ आटपून शकू बाजेवर पडली होती. बाजेखाली शेकाची शेगडी ठेवलेली. हौसा आत अळिवाची खीर ढवळत होती, तिला केस जळल्यासारखा वास आला. बाहेर येऊन बघते तर शकूचा उजवा हात बाजेवरून खाली लोंबत होता आणि करंगळीची बाजू शेगडीच्या काठाला टेकली होती. कातडी करपली होती. शकू पोराशी बोलत होती, हसत होती. हौसाने धावत जाऊन हात वर उचलला.

"काय गो आये?" शकू म्हणाली.

हौसाला त्या क्षणी आठवलं ते जगनचं भगुणं. तिने तो हात तांब्यातल्या पाण्यात धरला. मग विचारून विचारून एकेक गोष्ट बाहेर आली. करंगळी कधीपासून झोपल्यासारखी वाटते. बाळंत झाल्यापासून कोपर ठणकतं, इतकं की पोराला उजवीकडे घेता येत नाही. शकूला वाटलं होतं बाळंतवात असेल.

बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो. हौसाने दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शाल पांघरून, पोराला फडक्यात गुंडाळून पेणेला नेलं. आळीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

पेणच्या सरकारी दवाखान्यात एका टोकाला डॉक्टर टिपणीसांची खोली होती. लोक त्यांना चामडीचे डॉक्टर म्हणत, कारण रोगाचं खरं नाव घेतलं की आपणच त्या रोगाचे ठरू अशी भीती. खोलीबाहेरच्या बाकावर कोणी बसत नसे. ज्यांना आत जायचं असे ते झाडाखाली एस्टीची वाट बघत असल्यासारखे उभे राहत. डॉक्टर स्वतः पन्नाशीचे, उंच, जरा वाकलेले. दवाखान्यासमोरच्या टपरीवाल्याने त्यांच्यासाठी वेगळा ग्लास खुंटीला अडकवून ठेवला होता. त्यांना ते ठाऊक होतं. ते त्याच ग्लासातून चहा पीत आणि टपरीवाल्याच्या पोराची खरूज फुकट बघत.

त्यांनी शकूला डोळे मिटायला सांगितले. कोंबडीचं एक पीस हातावरून फिरवलं आणि कळेल तिथे बोट ठेव म्हणाले. बाकीच्या हातावर ती बरोबर बोट ठेवत होती. करंगळीच्या बाजूला आणि टाचेवरच्या चट्ट्यावर पीस फिरलं तेव्हा ती नुसती वाट बघत बसली. मग त्यांनी कोपराच्या आतली शीर चाचपली. शकू कळवळली. कानाच्या पाळीतून त्यांनी थोडा रस काढून काचेवर घेतला, आत तपासायला पाठवला, आणि हौसाला विचारलं, घरात कोणाची बोटं वाकली होती का. हौसाने जगनचं सगळं सांगितलं. नारळाचंही सांगितलं. टाचेत शिंप घुसली तेही सांगितलं.

डॉक्टरांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. मग म्हणाले, "बाई, आता तुम्ही डोळे मिटा."

त्यांनी पेन्सिलीचं टोक तिच्या टाचेला लावलं. एवढी जाड, भेगाळलेली, जन्मभर मिठात मुरलेली टाच. हौसाने पाय झटकन मागे घेतला.

"बघा. मिठाने कातडी जाड होते, पण कळायचं थांबत नाही. तुमच्या गावातल्या सगळ्या बायकांचे पाय चुरचुरत असणार. ज्याचे चुरचुरत नाहीत त्याने माझ्याकडे यायला हवं."

हौसा आपल्या पायांकडे बघत राहिली. म्हणजे जाऊही खोटं बोलली होती. सगळ्याच बोलल्या होत्या.

मग डॉक्टरांनी रोगाचं नाव घेतलं. कुष्ठरोग. शकू मान खाली घालून बसली. डॉक्टर घाई न करता बोलत होते, शाळेत मास्तर सांगतात तसे. हा रोग पापाने होत नाही, कोणाच्या शापाने होत नाही, रक्त नासून होत नाही. एक जंतू असतो, क्षयाच्या जंतूच्या भावकीतला, फार सुस्त. औषध न घेतलेल्या माणसाच्या श्वासातून तो बाहेर पडतो, आणि वर्षानुवर्षं एका खोलीत राहणाऱ्यांतल्या एखाद्याच्याच अंगात मुक्काम करतो. बाकीच्यांना काही होत नाही. शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. तो आधी शीर धरतो, जिच्यामुळे ऊन, थंड, दुखलं-खुपलं कळतं ती. आता नव्या गोळ्या आल्यात. दोन वर्षं नेमाने घेतल्या की जंतू मरतो. पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत रोग दुसऱ्याला लागायचा बंद होतो. पोराला अंगावर पाजायला काहीच हरकत नाही.

"मग हात?" हौसाने विचारलं.

हाताचं वेगळं होतं. बाळंतपणानंतर अंगातली लढायची ताकद परत येते, डॉक्टर म्हणाले, आणि ती त्या शिरेतल्या जंतूंवर तुटून पडते. भांडण त्यांचं, सुजते शीर. सूज उतरवायच्या गोळ्या निराळ्या, त्या हळूहळू कमी करत काही महिने घ्यायच्या, मध्ये एकदम सोडायच्या नाहीत. आत्ता आलात म्हणून हात वाचण्यासारखा आहे. सोडल्या तर बोटं वळतील, आणि वळलेली बोटं कुठल्या गोळीने सरळ होत नाहीत. आणखी एक सांगितलं. एका गोळीने अंगाचा रंग काळपट लाल होतो. दुधावरच्या पोराचाही थोडा होईल. भ्यायचं नाही, औषध संपलं की महिन्यांनी उतरतो.

"जावयांना बोलवा," ते म्हणाले. "नाहीतर मी येतो अष्टमीला. सगळ्यांना बसवून सांगतो."

हौसा नको म्हणाली. डॉक्टर दारात आले की दार कशासाठी उघडलं ते आळीला कळणार. त्यांचा चेहराच लोक ओळखतात. डॉक्टर जरा हसले, पण त्यात हसू नव्हतं.

"लपवलेलं औषध फार दिवस चालत नाही, बाई. त्या घरात कोणीतरी एक आपल्या बाजूचं हवं."

बाहेर झाडाखाली आल्यावर शकू म्हणाली, "आये, त्यांना सांगूया. ते तसे नाहीत."

"ते नसतील गो. आळी हाय ना."

"कवातरी कळेलच ना?"

"हात बरा होऊ दे. बऱ्या हाताने सांगू." आणि एस्टीत बसल्यावर हौसाने ठरवून टाकलं. बाळंतपणात रक्त फार गेलं, पेणच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्यात, असं सांगायचं. शकू पोराच्या अंगावरचं फडकं सारखं करत राहिली. आईचं ऐकायची तिला सवय होती.

शकू पोराला घेऊन अष्टमीला गेली आणि हौसाच्या खेपा सुरू झाल्या. दर महिन्याला पेणेहून गोळ्या घ्यायच्या, सुकटीच्या डब्यात तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायच्या, वर सुकट, आणि गडब, नागोठणं करत रोह्याची एस्टी. इंदुबाईला सुकट फार आवडे. ती डबा उघडायच्या आधीच शकू तो आत घेऊन जाई. दोघी विहिणी पडवीत बसून चहा पीत. इंदुबाई बोलायला मोकळी, गिऱ्हाईकाला साखर तोलता तोलता दहा घरच्या बातम्या सांगणारी. एकदा म्हणाली, "विहीणबाय, आमच्या सुनेला मिठात मुरवून पाठवलीत काय? दिवसेंदिवस करवंदागत व्हायला लागलीय." हौसाही हसली. गोळ्या कडक आहेत, म्हणाली, रक्त भरताना असं होतं. आपण किती सहज खोटं बोललो याचं तिला परतीच्या गाडीत नवल वाटलं.

पण हात सुधारत होता. कोपराचा ठणका गेला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे शकू रोज ताटात तीळ पसरून बोटांनी एकेक उचलायची. सासू विचारी, हे काय खेळ? ती म्हणे, निवडतेय. तिसऱ्या खेपेला तिने हौसाला करंगळीने तीळ उचलून दाखवला. हौसाने तो तिच्या बोटावरून आपल्या बोटावर घेतला आणि देवाचा प्रसाद असल्यासारखा तोंडात टाकला.

नंतरच्या खेपेला पावसाने नागोठण्याजवळ रस्ता बुडाला आणि गाड्या बंद पडल्या. हौसाला जायला उशीर झाला. गेली तेव्हा इंदुबाईने नेहमीसारखा चहा टाकला, कान्हूला तिच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, "तुमच्या त्या गोळ्या मी बंद केल्यात हो."

कान्हू काळवंडायला लागला होता. गोरंपान नातवंड, त्याचे गाल तांबूस काळे दिसायला लागले. इंदुबाई घाबरली. दुधातून उतरतंय म्हणाली. रक्त भरायचं तेवढं भरलं, आता पोराला कशाला त्रास? घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या तिने पदरात घेतल्या, पुलावर गेली आणि कुंडलिका नदीत सोडल्या. नातवासाठी केलं. ते सांगताना तिच्या तोंडावर काही लबाडी नव्हती. चांगलं केलं अशाच समजुतीने ती सांगत होती.

हौसाच्या हातात चहाची बशी होती. सांगायचं तर हीच वेळ होती. तिच्या ओठांवर आलंही. तेवढ्यात दुकानावर एक बाई तेलाची बाटली घेऊन उभी राहिली, इंदुबाई उठली, आणि हौसा म्हणाली, "बरं केलंत."

आत शकू चुलीजवळ बसली होती. "मी काय सांगनार व्हते?" ती एवढंच म्हणाली. "रक्ताच्याच गोळ्या ना त्या. रक्त भरलं म्हनाल्या." कोपर पुन्हा ठणकत होतं. हौसाने नव्या गोळ्या तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवल्या, लपून घे म्हणाली, आणि परत आली. पण मधल्या दिवसांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढच्या खेपेला शकूने पदराखालून हात काढला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेली होती. ताटलीत तीळ तसेच पडले होते.

टिपणीस डॉक्टर आवाज चढवणारे नव्हते. त्या दिवशी चढवला. शिरेला वाट बघता येत नाही, म्हणाले, ती काही तुमच्या लोकलाजेसाठी थांबत नाही. मग त्यांनी चष्मा पुसला, आणि ह्या वेळी विचारलंच नाही. रविवारी मी अष्टमीला येतो, एवढं सांगितलं. हौसानेही मान हलवली. आता लपवायला उरलं काय होतं? हात सगळ्यांना दिसतच होता.

ते आले. पडवीतल्या बाकड्यावर बसले. शिवा रात्रीची शिफ्ट करून आला होता, तो उंबऱ्याजवळ बसला. डॉक्टरांनी दोन तास सांगितलं. जंतू काय, शीर काय, रंग का बदलतो, दूध का चालतं. शकूचा वाकडा हात आपल्या हातात घेऊन सांगितलं, कान्हूला मांडीवर घेऊन सांगितलं, दिलेला चहा पिऊन सांगितलं. घरातल्या सगळ्यांना तपासलं, सगळे स्वच्छ निघाले. इंदुबाईने नीट ऐकलं. मधून मधून शहाण्यासारखे प्रश्न विचारले. पोराला होईल का? वर्षाला एकदा दाखवा, डॉक्टर म्हणाले, आईला औषध चालू असताना तिच्यापासून भीती नाही. शेवटी इंदुबाई म्हणाली, "एवढं उलगडून आजपर्यंत कोनी सांगितलं नव्हतं, डाक्टर." तिने वाकून त्यांना नमस्कार केला. हौसाने भिंतीला टेकून डोळे मिटले. हे पहिल्याच महिन्यात का नाही केलं, असं तिला वाटलं, आणि तरी देवाचे आभार मानले.

थोड्या दिवसांनी शिवा शकूला खाडीकाठी घेऊन आला. एकटीलाच. "हात बरा होईस्तोवर," तो म्हणाला. पोराला वरचं दूध लावलंय, आई बघतेय. तो अंगणातच उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि ते खोटे नव्हते. पिशवी ओट्यावर ठेवून तो गेला. हात बरा व्हायचा नाही, हे डॉक्टरांनी त्याच्यासमोरच सांगितलेलं होतं.

त्यानंतर शकूने एक गोळी चुकवली नाही. आता चुकवायला काही कारणच नव्हतं. दूध आटेपर्यंत छाती बांधून बसली. सणावाराला हौसा एकटी अष्टमीला जाऊन पोराला बघून येई आणि आल्यावर शकू विचारी, दात किती आले, चालतो का, काय बोलतो. हौसा सांगे. पोर इंदुबाईला आये म्हणतं, तेवढं सोडून.

दोन वर्षांनी टिपणीसांनी पुन्हा कानाच्या पाळीचा रस तपासला आणि सांगितलं, रोग गेला. ही आता कोणाहीइतकी निरोगी आहे. रंगही हळूहळू उतरला, शकू पुन्हा गोरी दिसायला लागली. फक्त हात तसाच राहिला. डॉक्टरांनी दोघींना दारापर्यंत पोचवलं. त्यांची त्याच महिन्यात बदली होणार होती. मी आणखी एकदा येऊ का अष्टमीला, असं त्यांनी विचारलं. पण विचारतानाच त्यांना उत्तर माहीत असावं, कारण हौसा पदर सावरत पायरी उतरली तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दोघी अष्टमीला गेल्या. इंदुबाईने त्यांना घालवून दिलं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी बसवलं, पाणी दिलं. शिवा शिफ्टला होता, किंवा तसं सांगितलं. मग ती समोर बसली आणि हळू आवाजात बोलली, जणू भिंतीलाही ऐकू जाऊ नये.

"डाक्टर खरं बोलले. मला पटलंय, विहीणबाय, देवाशपथ पटलंय. शकू बरी झालीय हेही पटलंय. पन हा हात घेऊन ती दुकानात बसली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जानार. माझी लेक पोपटी लग्नाची हाय, तिला कोन करील? एकेकाला धरून डाक्टरांसारखं दोन दोन तास मी कुठे सांगत बसू?" मग ती म्हणाली, "शिवाचं बघतोय आम्ही दुसरं. तुमाला दुसऱ्याकडून कळन्यापेक्षा मीच सांगते."

हौसाला वाटलं होतं आपण भांडू. येताना सगळ्या वाटेने भांडणाचे शब्द जुळवले होते. पण समोरची बाई जे बोलत होती ते तिने स्वतः केलेलंच होतं. पेणच्या झाडाखाली, एस्टीत, ह्याच पडवीत बशी हातात धरून.

शकूने एवढंच विचारलं की पोराला एकदा घेऊ का. इंदुबाईने आतून आणून दिलं. शकूने त्याला डाव्या हातावर घेतलं, उजवा पदराखाली ठेवला. कान्हूने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, मंगळसूत्राशी खेळला, मग कंटाळला आणि आजीकडे हात पसरले. शकूने देऊन टाकलं.

पूल ओलांडून दोघी रोह्याच्या स्टँडवर आल्या. पेणची गाडी लागायची होती. बाकावर जागा होती पण दोघी उभ्याच राहिल्या. बऱ्याच वेळाने शकू म्हणाली, "आये, तू सासू असतीस, तर तू घेतलं असतंस मना घरात?"

हौसाने तिच्याकडे बघितलं. आता खोटं बोलून काही वाचण्यासारखं राहिलं नव्हतं.

"नाय गो," ती म्हणाली. "नसतं घेतलं."

शकूने मान हलवली. तिला वाईट वाटलं की नाही ते हौसाला कळलं नाही. गाडी लागली तशी माणसं दाराशी ढकलाढकली करायला लागली, आणि शकू डाव्या हाताने दांडा धरून आईच्या आधी चढली.